रेंजचा दगड

गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यात
मार्चअखेर एक टेकाड वर येतं.
सोमा बेंडकोळी त्याला बेट म्हणतो,
कारण बेट म्हटलं की तंबूचे पैसे जास्त मिळतात.

सिन्नरहून नणंद आली दोन दिवसांसाठी.
फ्रिजवर मी कागद चिकटवला:
तन्मयचं खोकल्याचं औषध, एक चमचा.
जुईला सातला उठवणे. उठणार नाही. परत उठवणे.
पाण्याची मोटर. गॅसचा खटका.
केदानं खाली पेनानं लिहिलं,
'आम्ही असूच. कुठेतरी.'
आणि खोडलं.

नावेत आम्ही समोरासमोर.
सोळा वर्षांत असं बसायला
मधे एक ताट, नाहीतर एक मूल लागायचं.
मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.
त्याचे गुडघे म्हातारे झालेत,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तंबूपुढे चटई टाकली.
चिवड्यावर कांदा चिरला, लिंबू पिळलं,
आणि बोलायला बसलो.
तन्मयचा खोकला झाला.
जुईची दहावी झाली.
ते दोघं संपले तेव्हा साडेसात वाजले होते.
मी विचारलं, "कारखान्यात काय?"
तो म्हणाला, "नवीन मशीन आलंय."
मी म्हणाले, "बरं."

एक टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत गेली,
परत आली, परत ओरडली,
जणू आम्ही तिच्या अंड्यांवर बसलो होतो.
बसलोच होतो जवळजवळ.
केदाला बॅटरीत दिसली: चार, मातकट, ठिपक्यांची,
चटईपासून हातभर.
मग अंधारात आख्खा तंबू उचलला,
दोन काठ्या त्याच्या हातात, दोन माझ्या,
तीस-चाळीस पावलं, माझा पाय चिखलात,
आणि कितीतरी वर्षांनी आम्ही
ओझं उचलताना हसलो.

रेंज नव्हती. सोमानं जाताना सांगितलेलं,
पूर्वेला पाण्यात घुसलेला काळा दगड आहे,
त्यावर उभं राहिलं की एखादी काडी येते.
पण फोन करायचा नाही, असं ठरलं होतं.
ठरवलं मीच होतं.

दोनच्या सुमारास जाग आली. शेजारची चादर रिकामी.
गेला असेल आडोशाला, म्हटलं,
आणि तेवढी संधी साधून निघाले,
चपला एका हातात, फोन ओढणीखाली.

दगडावर केदा.
टाचा उचलून, फोन आभाळाला लावून.
"एकच काडी येते," तो म्हणाला, चोरी पकडल्यासारखा.
"सरक," मी म्हणाले.

जुईचा मेसेज नऊ दहाचा:
दूध उतू गेलं. गॅस बंद केला. आत्या झोपली.
औषध मी दिलं. तुम्ही मजा करा.
शेवटी एक लाल बदाम.
मग दुसरा मेसेज: बदाम चुकून गेला.

दगड दोघांना पुरत नव्हता.
एकाचा तरी पाय सारखा पाण्यात.
उतरलो नाही मात्र.
समोर लांब नाशिकचा पिवळट उजेड,
त्यात कुठेतरी पाथर्डी फाट्यामागची आमची खिडकी,
जिच्याआड आमच्यावाचून सगळं नीट चाललं होतं.
मला बरं वाटलं. थोडा रागही आला.

केदा म्हणाला, "चार वर्षांनी जुई जाईल शिकायला."
"हं."
"मग तन्मय."
"हं."
"मग आपण काय बोलायचं?"
मी बराच वेळ विचार केला.
पाणी दगडाला चाटत होतं, बिनकामाचं.
"टिटवीबद्दल," म्हटलं.

घरी पोचलो तर तन्मय दारातच.
"बेटावर काय होतं?"
"दगड," केदा म्हणाला.
"अंडी," मी म्हणाले.
त्याला दोन्ही उत्तरं आवडली नाहीत.
तो पिशवीत खाऊ शोधायला लागला.

पाणी प्यायला फ्रिज उघडला.
कागदावर प्रत्येक ओळीपुढे
जुईची हिरवी टिक होती.
खोडलेल्या ओळीपुढेही.